रेषेवरचं टिंब

आमचे बाबलकाका चित्र पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. एकदा मी तापाने पडवीत कण्हत होतो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "खंय दुखता? टिंब दाखय!" मी कपाळावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे स्वारीला माझा ताप पटला.

तारकर्लीत आमची घरं शेजारीशेजारी. मुंबईची नकाशे काढायची नोकरी सोडून काका दोन हजार सालच्या आसपास गावी परतले आणि पडवीतच कॉम्प्युटर मांडून बसले. खारा वारा लागू नये म्हणून त्यावर त्यांच्या आईचं जुनं लुगडं. पुण्याची एक कंपनी जमिनीच्या नकाशांचं सॉफ्टवेअर बनवायची आणि ते मध्येच गंडायचं. का गंडतं, ते शोधायचं काम काकांकडे. इतर लोक त्यासाठी आकड्यांच्या रांगा वाचत बसतात. काकांनी त्यासाठी एक प्रोग्रॅमच लिहिला. तो हिशोबाची एकेक पायरी पडद्यावर काढून दाखवायचा: ही हद्दीची रेष, हे टिंब आत, हे बाहेर. हिशोब अडला की तिथलं टिंब लाल होऊन लुकलुकायचं. लाल म्हणजे चूक.

चूक सापडली की काका आनंदाने ओरडत, "गो सुमन, गावली!" सुमनताई त्यांची धाकटी बहीण, नवऱ्याने टाकल्यापासून माहेरीच. त्या लगबगीने येत, लाल टिंबाकडे कौतुकाने बघत आणि लगेच माशांना मीठ लावायला परत जात.

खरी भांडणं व्हायची ती नेमकी रेषेवर पडलेल्या टिंबांवरून. ना आत, ना बाहेर; हिशोब तिथे आडवाच. कंपनीचा एक इंजिनिअर एसटीचे धक्के खात येऊन काकांना समजावू लागला, "टिंब केसभर सरकवायचं, संपलं. कोणाला कळणार आहे?"

"माका कळतला!" काका कडाडले. "ता जंय आसा थंयच ऱ्हवतला. तुमचो हिशोब सुधारा!"

त्याला बांगड्याचं तिखलं जेवू घालून काकांनी वाटेला लावलं. कंपनीचं काम अर्थातच बंद झालं. एका टिंबापायी चालतं काम घालवलं म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला. काकांना त्याचं काही नव्हतं.

मग मे महिन्यात डोंबिवलीहून त्यांचे थोरले भाऊ आले, दादा. गावात पर्यटक येऊ लागले होते. दादांना घर मधोमध वाटून आपल्या अर्ध्यात लॉज काढायचा होता. काकांनी अख्खं घर कॉम्प्युटरवर चढवलं, प्रत्येक खोलीला एक टिंब. प्रोग्रॅम सरसर चालला आणि थांबला. सुमनताईंची खोली बरोब्बर रेषेवर.

"वायच माज्या बाजूक सरकव," दादा म्हणाले. "ती पाडून थंय बाथरूमा काढूया. सुमन काय, तुज्या माजघरातय निजात."

सुमनताई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मी सरकवूचंय नाय," काका म्हणाले.

"मगे ती खोली कोणाच्या वाट्याक?"

"दोघांच्याय! भयण दोघांचीय आसा. रेषेरचा टिंब दोनूकडे आतच धरूचा!"

दादा तणतणत किनाऱ्यावर निघून गेले. संध्याकाळी परतले ते "ऱ्हवांदे तिची खोली" एवढंच पुटपुटून जेवायला बसले. आजही लॉज आणि काकांचं घर यांच्या मध्ये ती खोली उभी आहे.

पण दादा बाहेर पडले तेव्हाच माझं पडद्याकडे लक्ष गेलं होतं. ते टिंब लुकलुकत नव्हतं. त्याचा रंग सुमनताई परसात लावतात त्या अबोलीच्या फुलांचा होता.

"काका, हिशोब इथेच अडलाय ना? मग टिंब लाल का नाही?"

एरवी कुंपणापार जाणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"लाल म्हंजे चूक," ते म्हणाले. "सुमन चूक नाय रे."

सुमनताईंनी कप त्यांच्या हाताशी ठेवला. आणि या वेळी त्या लगेच स्वयंपाकघरात परत गेल्या नाहीत. तिथेच, कॉम्प्युटरसमोर, भावाच्या शेजारी बसून राहिल्या.