नात चाळीस किलोमीटर पुढे!

गणितात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कोणी नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगून टाकलं होतं. तिनं पुरावा मागितला नाही, हा तिचा मोठेपणा. नातीला तर मी महिनाभर अंतर, वेग आणि वेळ यांचं असं काही औषध पाजलं होतं की पोर झोपेतसुद्धा "समजा, वेग क्ष" असं पुटपुटायची!

बीजगणिताचा पेपर अकराला. नात सव्वादहाला चालत निघाली. शाळा दोन किलोमीटरवर. दहा पंचविसाला बायको किंचाळली, "अहो! पोरीचं हॉल तिकीट टेबलावरच राहिलंय!"

"घाबरतेस काय? हे तर आपल्या घरचं गणित!" मी पेन उघडलं. "नातीचा वेग ताशी चार. माझ्या सायकलचा ताशी बारा. ती दहा मिनिटं पुढे..."

"अहो, निघा आधी!"

"कुठे गाठायचं ते नको का कळायला?"

"रस्ता एकच आहे! आणि कशावर लिहिताय? ते हॉल तिकीटच आहे!"

"मागची बाजू कोरी ठेवतात ती कशासाठी?" मी म्हणालो. उत्तर आलं पाच. "पाच मिनिटांत गाठतो!" मी विजयी मुद्रेनं घड्याळ पाहिलं. गणितात चार मिनिटं गेली होती. म्हणजे नात आता चौदा मिनिटं पुढे! झालं, नवं गणित. उत्तर सात. तोवर नात वीस मिनिटं पुढे! मी जितकं भरभर सोडवावं तितकी ती पुढे पळे. नात नव्हे, महागाई!

शेवटी बायकोनं पेन काढून घेतलं आणि मला सायकलसकट दाराबाहेर लोटलं.

ताशी बारा हा वेग माझ्या पंचविशीतला आहे, हे मला पहिल्या चढावर आठवलं. दुसऱ्या चढावर चेन पडली. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चाललेल्या एका आजीबाई मागून आल्या, माझ्याकडे दयेनं पाहून पुढे निघून गेल्या. त्यांचा वेग मी काढला नाही. काही उत्तरं न कळलेली बरी!

अकराला पाच कमी असताना मी फाटकाशी पोचलो. नात रडून लालबुंद झाली होती. "आजोबा, द्या लवकर!" तिनं हॉल तिकीट हिसकावलं आणि दारावरच्या पर्यवेक्षकांना दिलं. त्यांनी ते उलटं केलं. चेहराही उलटा झाला.

"हे काय? सूत्रं? बीजगणिताच्या पेपरला?"

"आजोबा!" नात एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात माझी महिनाभराची सगळी शिकवणी वाया गेल्याचा सूर होता.

"तिचा काही दोष नाही! सगळं मीच लिहिलंय!" मी छाती पुढे काढली.

"अच्छा! म्हणजे कॉपी पुरवणारे तुम्ही!"

"पुरवणारा नाही हो, मी आजोबा आहे!"

"दोन्ही असू शकता."

पोरीचं वर्ष माझ्या हस्ताक्षरात बुडत होतं! बीजगणिताच्या बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, चष्मा पुसला आणि माझं गणित पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. घंटेला दोन मिनिटं होती. नातीनं माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

"हिला बसू द्या," बाई म्हणाल्या. "चालणारी मुलगी दहा मिनिटांत चाळीस किलोमीटर गेली असं लिहिलंय इथं. दहा गुणिले चार! मिनिटांचे तास करायचे राहिलेत. यावरून वर्गातल्या कोणालाही अर्धा मार्कसुद्धा मिळणार नाही!"

नात बाणासारखी आत पळाली. मी गुपचूप सायकल वळवायला हवी होती. पण घराण्याची अब्रू!

"बाई," मी म्हणालो, "उत्तर मात्र पाचच येतं. तपासून बघा!"

"येतं ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाच तास."