वारा, वर्ख आणि अण्णा

प्रिय नातवंडांनो,

घरामागच्या अंगणात चित्रं काढायला खोली बांधतोय, असं तुम्ही कळवलंत. आपल्या घराण्यातली ही पहिलीच, असंही लिहिलंत. पहिली नव्हे. भिंती उभ्या राहायच्या आत अण्णांविषयी वाचा, म्हणून आजच लिहायला बसले.

अण्णा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. बंद दारासमोरून हा माणूस कधी मुकाट्याने गेला नाही. दार कोठीचं असो की न्हाणीघराचं, टकटक करून विचारणार, "आहेस ना?" आतून उत्तर येईपर्यंत हलायचं नाव नाही. लग्न होऊन बंगळूरला बसवनगुडीच्या घरात आले, त्या पहिल्याच सकाळी डोक्यावर पाणी ओतता ओतता मला थोरल्या दिरांना "आहे हो, आहे!" असं ओरडून सांगावं लागलं.

भीती त्यांच्या अंगात मुरली होती. वीज कडाडली की विळ्या-सुऱ्या पोत्याखाली जात. विझलेल्या स्टोव्हवर ते पुन्हा पाणी शिंपडत.

अशा माणसाने खोली बांधायला काढली, तीही बहिणीसाठी. त्यांच्याहून मोठी, विधवा होऊन माहेरी आलेली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. अक्का म्हैसूरकडच्या पद्धतीने देवांची चित्रं काढायची आणि दागिन्यांवर खरा सोन्याचा वर्ख लावायची. वर्ख इतका पातळ, की नुसत्या फुंकरीने उडे. घरात सतत कुणी ना कुणी दार उघडायचंच. आणि खिडक्या मिटून बसावं, तर अक्काला दमा.

"वारा आला तर सोनं जातं, नाही आला तर अक्का जाते," अण्णा म्हणत आणि खरोखरच घाम पुसत.

जागा ठरता ठरेना. माडाखाली नको, नारळ पडेल. विहिरीजवळ नको, जमीन खचेल. फणसाखाली नको, साप येतील. आनेकलचा मेस्त्री वैतागून म्हणाला, "सरी स्वामी, बरं, मग आकाशात बांधू?" अण्णांनी वर बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "विजेचं काय करशील?"

शेवटी कपडे वाळत घालायच्या जागेवर खोली उभी राहिली. छपराखाली एक लांबट झडप, तिची दोरी बाहेर. अण्णा छत्री उघडून, ती दोरी हातात घेऊन स्टुलावर बसत. अक्का आतून "धर" म्हणाली की झडप मिटायची, "सोड" म्हणाली की उघडायची. मध्ये मध्ये "आहेस ना?" होतंच.

एका दुपारी मी अंगणात सांडगे घालत होते. सकाळपासून अक्काची धाप वाढली होती, तरी ती कामाला बसली होती. "धर" ऐकू आलं. झडप मिटली. बराच वेळ गेला.

"अक्का, आहेस ना?"

उत्तर नाही.

"अक्का?" अण्णांचा आवाज चिरकला. माझ्याही हातातलं पीठ खाली पडलं. छत्री भिरकावून अण्णांनी खांद्याने दार फोडलं.

आत अक्का श्वास रोखून कृष्णाच्या दंडावर वर्ख टेकवत होती. बोलली असती तर तो उडाला असता. दारातून वारा शिरला, वर्ख तरंगत वर गेला आणि अण्णांच्या घामेजलेल्या टकलावर जाऊन चिकटला.

"अय्यो! देवाला सोडून स्वतःचं टक्कल मढवलंस की रे!" अक्का हसत सुटली. मीही हसले.

अण्णा मात्र उंबऱ्यावर मटकन बसले.

"आईला धाप लागली, तेव्हा मला असंच दाराबाहेर बसवलं होतं," ते म्हणाले. "आवाज करू नकोस, असं मोठी माणसं म्हणाली. मग आत सगळं शांत झालं. मला वाटलं, आईला झोप लागली. मी कुणाला हाकच मारली नाही, अक्का."

अक्का तेव्हा सासरी होती. हे तिला त्या दुपारीच कळलं. ती हळूच त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली. "लहान होतास रे," ती म्हणाली. मग फुटलेल्या दाराकडे बघत म्हणाली, "दार दुरुस्त करू नकोस. उडेल तेवढं सोनं उडू दे."

खोली आता नाही. कृष्णाचं चित्र माझ्या पलंगासमोर आहे. त्याच्या उजव्या दंडावर नुसता पिवळा रंग आहे. तिथे अक्काने पुन्हा वर्ख लावला नाही.