सारामावशीचे डोळे

नानू पेंटरला कोरी जागा बघवत नाही. पेणमध्ये गणपती रंगवणारे पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी करावी ती नानूनेच. कारखान्यातून घरी जाताना त्याच्या पिशवीत उरलेला रंग असतो आणि वाटेत माझ्या फाटकाची कडीसुद्धा त्यातून सुटलेली नाही. विचारलं तर म्हणतो, "कोरं दिसत होतं."

आपण रंगवलेली मूर्ती बुडताना वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं. "पाण्यातच जायची हाय. त्यात काय रडायचं?" म्हणाला आणि विडी पेटवली.

गावाबाहेरच्या इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांच्या, कबरस्तानाची किल्ली माझ्याकडे असते. ती मंडळी एकेक करून इस्राएलला गेली आणि शेवटी किल्ली शेजारच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे आली. आत एकेकाळची बडी माणसं आहेत. पलटणीतले सुभेदार आहेत, तेलघाण्याचे मालक आहेत आणि कोपऱ्यात आमची सारामावशी. तिचा याकूब वीस वर्षांनी आईची कबर बघायला येणार होता. दगडावरची अक्षरं पुसट झालेली, म्हणून मी नानूला किल्ली दिली. फक्त अक्षरं, असं तीनदा बजावलं.

याकूब यायच्या दिवशी सकाळी आत गेलो. बघतो तर सारामावशीच्या नावाच्या वर दोन टपोरे डोळे! पापण्या, भुवया, सगळं साग्रसंगीत. ज्या लोकांत देवाचंही चित्र काढत नाहीत, त्यांच्या कबरीवर!

"नान्या, मेल्या, काय केलंस हे? पूस आधी!"

"नाय पुसणार. पोराची वाट बघता बघता मावशीचे डोळे गेले. त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. आज तो येतोय, तर तिला दिसायला नको?"

मी रॉकेलात बोळा भिजवतोय तोवर याकूब फाटकात. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो दगडासमोर उभा राहिला. प्रार्थना म्हणाला, त्यांच्या रीतीप्रमाणे एक खडा कबरीवर ठेवला. मग नानूला म्हणाला, "आमच्यात हे चालत नाय रे. पण मी फाटकाबाहेर जाईपर्यंत राहू दे."

जाताना तो दोनदा मागे वळला.

नानूने बोळा घेतला, दगडापर्यंत नेला आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच पुसा, मास्तर. हा इस्राएलला गेल्यापासून मी तिच्याच घरी जेवायचो. मला नाय जमणार."

तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. एक डोळा मी पुसला. दुसऱ्याला मलाही जरा वेळ लागला.