पोलिसाला सूट असते का?

दोह्यात पोलीस दिसला की सर्जेरावकाका गाडीची काच खाली घेत, सलाम ठोकत आणि विचारत, "साहब, आप को मिलिटरी में जाना पडता है क्या?"

एकाने आधी त्यांचं लायसन्स तपासलं. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैं पुलिस. मेरे को माफ. यल्ला, चलो, गाडी आगे लो!"

काका आठवडाभर खूश होते.

काका आमच्या लांबच्या नात्यातले, साताऱ्याकडचे, अबू हमूरमधल्या एका कतारी घरात ड्रायव्हर. त्या घरातल्या हमदला पहिलीपासून त्यांनीच शाळेत सोडलं. आता हमद सक्तीच्या लष्करी सेवेच्या वयाचा झाला होता. काकांचा बेत सरळ होता, हमदने पोलिसात जावं. "एक वर्दी अंगावर असली की दुसरी चढत न्हाय."

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर, त्यामुळे पोलिसाला खरंच सूट असते का याची खात्री करून द्यायचं काम माझ्याकडे.

"काका, मी इथं पाइपलाइनचा इंजिनियर."

"डिगरी हाय न्हवं? मग कायद्याचं बोला!"

मी ऑफिसातल्या जुन्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, पोलिसात असलेल्यांना बोलावत नाहीत. पण तिथेही आधी कवायतच असते.

हे सांगताना मला राहवलं नाही. "काका, तुमच्या गावात पोरं भरतीसाठी पहाटे धावतात, निवड झाली की पेढे वाटतात. आणि तुम्ही सूट शोधताय?"

काकांनी गाडीतलं फडकं काढलं. स्वच्छ असलेली काच पुसत राहिले.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता. कालचा रस्ता आज नसायचा. धुरळ्यातून लुसैलचं स्टेडियम एखाद्या सोनेरी वाडग्यासारखं तरंगताना दिसायचं. सगळं शहरच कुणाच्या तरी झोपेत बांधलं जातंय असं वाटे.

शेवटी हमदनेच ठरवलं. "काका, मेरे को जाना है. खलास, बात खतम."

छावणीत सोडायच्या दिवशी काका मला म्हणाले, "सोबत या. परत येताना रिकामी गाडी लई मोठी वाटती."

सकाळी धुकं होतं. हमद मागे बसला होता. छावणीजवळच्या राऊंडअबाउटला काकांनी वळण सोडलं आणि पुन्हा फेरी घेतली. मग आणखी एक. सगळे डायव्हर्जन तोंडपाठ असलेला माणूस गोल गोल फिरत होता.

"आमचा विकास मिलिटरीत भरती झाला," काका समोर बघत मराठीत म्हणाले, "तवा मी हितंच. स्टँडवर त्याला सोडायला त्याची आईच गेली. पोरगं म्हणं बस सुटेस्तोवर मागं बघत हुतं."

धुक्यातून छावणीचं फाटक पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

हमदला मराठी येत नव्हती. त्याने मागून काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका," तो हळूच म्हणाला, "यल्ला."

काकांनी इंडिकेटर दिला.