नानांचा पाण्यातला रस्ता

धरणाच्या पाण्यात रस्ता नसतो, असं तुम्हांला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण नानांच्या मागे ट्यूबवर बसून एका रविवारी गेलो आणि ती समजूत गेली.

"ए टेलर! कुठं घुसतो? ते लोकांचं रान हाय. रस्त्यानं चल राव, रस्त्यानं!"

चहूकडे पाणी, खाली तीस-चाळीस हात खोल, जवळ ना झाड ना झुडूप. तरी शिवाजी टेलर कुणाच्या उभ्या पिकात बैल घुसवल्यासारखा ओशाळायचा आणि मुकाट्याने ट्यूब मागे घ्यायचा. नाना पुढे बघून वल्हं मारायला लागायचे. थोडं सरळ, मग डावीकडे, मग विनाकारण उजवीकडे. आमच्या दृष्टीने विनाकारण. नानांच्या दृष्टीने तिथे लोहाराचं घर होतं आणि घरातून कुणी जात नाही.

ही दोन हजार सालाच्या पुढेमागेची गोष्ट. मी ओतूरला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे जे कुणी जे सांगेल ते वहीत लिहून घ्यायची मला सवय होती. मी आणि संतोष एका खोलीत राहायचो. खोलीखाली नानांचं पंक्चरचं दुकान. शनिवारी संध्याकाळी नाना अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबा बुडवून बुडबुडे बघत बसायचे. "उद्या येतो का, पावणं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. संतोष लगेच तयार झाला. मला पोहता येत नव्हतं, पण ते सांगायची लाज वाटली म्हणून मीही हो म्हणालो.

नानांना ते न सांगताच कळलं. ट्यूबला मध्ये सुताची दोरी विणून बसायला जागा केलेली असे, हातात दोन लहान फळ्या, हेच वल्हं. सगळ्या ट्यूबा एकामागे एक दोरीने बांधलेल्या. नानांनी मला काही न बोलता मधल्या ट्यूबवर बसवलं. पुढे नाना, मागे नानांच्या शेजारच्या दुकानातला टेलर, शेवटी संतोष. "मधल्याला बुडायची परवानगी नाय," ते म्हणाले.

मासे आम्ही धरायचो. गळाला कणकेचा गोळा लावायचा आणि वाट बघायची. चिलापी मिळायची, नशीब असेल तर मरळ. नाना गळाला हातसुद्धा लावत नसत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासे खात नाही, धरत नाही, मग हा माणूस दर रविवारी येतो कशाला? टेलरने एकदा विचारलंही. नाना म्हणाले, "ट्यूबा माझ्या हायत. तुमी फोडल्या म्हंजी?"

खरं म्हणजे त्या पाण्याखाली नानांचं गाव होतं. धरणात गेलेलं. निम्मं गाव दूर कालव्याच्या भागात जमिनी मिळाल्या तिकडे गेलं, काही मुंबईला गेले, नाना पंक्चर काढायला ओतूरला आले. काठावर उतारावर एक जुना आंबा होता. ट्यूब पाण्यात घातली की नाना त्या आंब्याकडे पाठ करत, समोरच्या डोंगरातल्या खिंडीकडे तोंड करत आणि म्हणत, "हां. आता येशीतनं आत आलो." तिथून पुढे सगळे नियम लागू.

पहिला नियम, रस्ता सोडायचा नाही. दुसरा, देवळावर आलं की पाय वर. आमचे पाय पाण्यात लोंबकळत असायचे ना. "कळसावर पाय सोडून बसता व्हय? लाज हाय का?" ट्यूबवर बसून दोन्ही पाय वर घेऊन बघा एकदा. माणूस उलट्या कासवासारखा गरागरा फिरतो. आम्ही तिघे तसे फिरत हात जोडायचो, आणि नाना एकटे ताठ बसून देवाला म्हणायचे, "पोरं नवीन हायत. सांभाळून घे."

तिसरा नियम मला सगळ्यात अवघड वाटायचा. नानांना विचारत राहायचं. "नाना, हे घर कुणाचं?" "नाना, इथं काय व्हतं?" विचारलं नाही तर ते वल्हं थांबवायचे. "गप का बसले समदे? इचारा की काहीतरी." संतोष वैतागायचा. "नाना, मासे पळतात बोललं की." नाना म्हणायचे, "पळू दे. त्येंचं काय गाव हाय इथं?"

आणि चौथा नियम धर्माचा. धर्मा म्हणजे नानांचा थोरला चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं असं वाजलं होतं की गाव बुडायच्या आधी नऊ वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. आता धर्मा कालव्याच्या भागात राहायला गेलेला. पण त्याचं शेत आलं की नाना सगळी गाडी लांबून वळवायचे. उन्हातान्हात दहा मिनिटांचा वळसा.

"नाना, आता पाणीच आहे की," मी भीत भीत म्हणालो होतो.

"भूगोल," नाना म्हणाले, माझा विषय कळल्यापासून ते मला याच नावाने हाक मारत, "त्याच्या बांधावर मी पाय ठेवला न्हाई. मंग वल्हं कसं ठेवीन?"

दुसऱ्या वर्षी नाना म्हणाले, "तू कॉलेजात जातो. माझ्या गावाचा नकाशा काढ." मग दर रविवारी परत आलो की दुकानात टायरवर बसून ते सांगायचे आणि मी आलेखाच्या कागदावर काढायचो. लोहारापासून देऊळ किती पावलं, देवळापासून कोंडवाडा किती, विहिरीचं तोंड कुणीकडे, चिंच कुठली गोड. डोळे मिटून सांगायचे. मी खाडाखोड केली की रागवायचे. तो नकाशा मी, एक प्रत स्वतःकडे ठेवून, कॉलेजात प्रकल्प म्हणून दिला. सरांनी वर्गात सगळ्यांना दाखवला. माझं असं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. नाना तर येणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला सांगायचे, "माझं गाव कॉलेजात हाय आता."

तिसऱ्या वर्षी पाऊस नीट झाला नाही. मे महिन्यात धरण इतकं आटलं की बातमी आली, गाव उघडं पडलंय. ओतूरच्या स्टँडवर तोच विषय. लांब गेलेली माणसं जीप करून बघायला येत होती. आम्हांला वाटलं, नाना सगळ्यांच्या आधी पळतील. नानांनी दुकानाचं फळकूट लावलं आणि ताप आलाय म्हणून पडून राहिले. रविवार गेला. दुसराही गेला.

मी त्यांना बघायला गेलो. अंगाला हात लावला तर गार.

"नाना, ताप नाही तुम्हांला."

त्यांनी माझा हात बाजूला केला. मग म्हणाले, "भूगोल, आन चुकलं असंल तर?"

"काय?"

"समदंच. धा वर्षं झाली. डोळं मिटलं की दिसतं, पर डोळं मिटून काय बी दिसतं राव. तिथं गेलो आन दिउळ तिथं नसलंच तर? मंग माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

नकाशा तर माझाच होता. मी एवढंच म्हणालो, "मी येतो बरोबर. नकाशा घेतो."

गेलो. टेलर आणि संतोषही आले. उतारावरून आंब्यापासून खाली चालत गेलो. चिखल वाळून तडकलेला, घरांची दगडी जोती वर आलेली. नाना खिंडीकडे तोंड करून पावलं मोजत चालले. "ही येस," ते म्हणाले. वेस नव्हती. तिथे कुणाचं तरी वाफ्याचं रान होतं. "पुढं दिउळ." पुढे गेलो, तर चार भिंतींचा, दारात लोखंडी कडी असलेला कोंडवाडा. गावातली चुकार जनावरं कोंडायची जागा.

टेलर हळूच म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं आपण पाय वर करून कोंडवाड्याला हात जोडले?"

संतोष हसला. मी हसू शकलो नाही. नाना मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. देऊळ पलीकडे होतं, एक शेत सोडून. आणि ज्या शेताला आम्ही इतके दिवस वळसा घालत होतो, ते नानांचं स्वतःचं होतं.

"पांड्या! लेका पांड्या हाय का तू?"

कुणीतरी काठी टेकत चिखलातून येत होतं. नाना उभे राहिले. ओतुरात त्यांना कुणी पांडू म्हणत नव्हतं. पांडुरंग हे नाव मी दुकानाच्या पाटीवरच वाचलं होतं.

म्हातारा जवळ आला. दोघेही एकमेकांकडे न बघता मधल्या बांधाकडे बघत राहिले. शेवटी नानाच म्हणाले, "धर्मादा, तुझ्या रानातनं गेलो मी. तीन वर्षं. वल्हं मारत. चुकून."

"माझ्या रानातनं?"

"व्हय."

धर्मादांनी विचार केला. "पीक कसं व्हतं?"

"चिलापी," नाना म्हणाले. "बारीक. मरळ बी निघाली दोनदा."

"मरळ? माझ्या रानात?" धर्मादांना फार बरं वाटलं. "तुझ्यात काय निघालं?"

"माझ्यात कुणाला जाऊच दिलं न्हाई. तुझं समजून."

धर्मादा इतके हसले की काठी खाली पडली. ती उचलून द्यायला नाना वाकले, आणि तेही हसायला लागले. मग नाना गंभीर झाले. "हसू नको. मी गाव इसरलो. दिउळ चुकलं, येस चुकली."

मी घाबरत नकाशा पुढे केला. का केला ते सांगता येणार नाही. धर्मादांनी तो उलटा धरला, मी सरळ करून दिला. ते बोट फिरवत राहिले. लोहार, देऊळ, कोंडवाडा, विहीर. मध्येच थांबून मान वर करून खरं गाव बघायचे आणि पुन्हा कागदाकडे. नाना त्यांच्या बोटाकडे बघत होते. मीही.

"आंबा कुठला धरला व्हता?"

नानांनी उतारावरचा आंबा दाखवला.

"आरं बाबा, दोन आंबे व्हते ना. आपला वादळात पडला. त्यो बघ बुंधा, तिकडं उतारावर. ह्यो पाटलाचा आंबा." त्यांनी नकाशा माझ्या हातात दिला. "गाव समदं बरोबर हाय पांडू. पाऊल इकडं तिकडं न्हाई. आंबा तेवढा सरकव."

नानांनी बुंध्याकडे बघितलं. मग देवळाकडे, मग विहिरीकडे. हातांच्या बोटांवर काहीतरी मोजलं. आणि डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं. टेलरने तंबाखूची पुडी काढून सर्वांपुढे धरली, माझ्यापुढेसुद्धा.

परतताना नाना माझ्या बाजूने चालत होते. मी विचारलं, "नाना, तुम्हांला मासे नकोत, मग तुम्ही एकटेच का नाही येत? शांत बघता आलं असतं."

"आलो व्हतो की. तुमी यायच्या आधी. लई डाव." त्यांनी मागे वळून गावाकडे बघितलं. "एकटा आलो की नुसतं पाणी दिसतं राव. कुणी इचारलं, हे घर कुणाचं, तर घर दिसतं."

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरलं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही पुन्हा ट्यूबा पाण्यात घातल्या. या वेळी बुंध्याकडे पाठ करून. मधल्या ट्यूबवर मी, आणि शेवटी, पाय वर घेण्याच्या प्रयत्नात आधीच गरगर फिरत असलेले धर्मादा. बांधावर आलो तेव्हा नानांनी वळसा घेतला नाही. फक्त वल्ह्याचा वेग कमी केला.

पुढे घरं लागली तरी कोणी बोलत नव्हतं. नानांचं वल्हं थांबलं. पाण्याखाली काय आहे ते मला पाठ होतं, मीच तर काढलं होतं.

"नाना," मी विचारलं, "हे घर कुणाचं?"