दाराला फुटलेलं पान

न्हाव्याच्या दुकानाचं नवं दार एके दिवशी पालवलं. मेव्हण्याने स्वस्तात दिलेलं लाकूड ओलं निघालं आणि आतल्या बाजूला, कडीच्या वर, नखाएवढं पोपटी पान फुटलं. बायको म्हणाली, "खुडून टाका, कडी लावताना मध्ये येतं." पण न्हाव्याचा जीव त्यात अडकला. तो रोज फवाऱ्याने त्यावर पाणी मारी आणि येईल त्याला कौतुकाने दाखवी. दुकानात खुर्ची एकच, त्यामुळे बाकीची गिऱ्हाइकं दुकानामागच्या मोठ्या झाडाच्या सावलीत गप्पा मारत बसत. त्या झाडाचं कौतुक कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

एकदा खुद्द वृक्षाधिकारी दाढीला आले. एका गालाची दाढी झाली आणि आरशात त्यांना पान दिसलं.

"हे झाड कधीपासून आहे?"

"झाड नाही साहेब, दार आहे."

"जमिनीत रोवलेलं आणि हिरवं पान असलेलं लाकूड म्हणजे झाड. कलम चार."

"पण दार बिजागरीवर आहे."

"चौकट रोवलीय ना? मग झालं. विनापरवानगी झाड हलवणं गुन्हा आहे. दार उघडायचं नाही."

न्हाव्याने दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं आणि दोघंही आत होते.

"मग द्या की परवानगी, साहेब."

"अशी कशी देऊ? दोन्ही बाजूंनी पाहणी लागते. आतली मी केली. बाहेरची करायला बाहेर जावं लागेल."

"मग चला."

"कसा जाऊ? परवानगी कुठाय?"

दुपारी बायको डबा घेऊन आली. तो मागच्या खिडकीच्या गजांतून आत गेला आणि अर्धा साहेबांनी संपवला. "अहो, खुडा ना ते मेलं पान!" ती ओरडली, तेव्हा साहेबांनी दोन्ही हातांनी पान झाकून घेतलं. हे पाहून बाहेर जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. असा अधिकारी मिळायला भाग्य लागतं, असं ठरलं. गजांतून पानाचे फोटो निघू लागले.

शेवटी साहेबांनीच तोड काढली. "मागची भिंत फोडा. भिंतीला संरक्षण नाही."

"साहेब, भिंतीला ते मोठं झाड टेकलंय," त्यांचा सहायक खिडकीतून म्हणाला.

"त्याचं काही नाही. रस्ता रुंद करायचाय, ते तोडायची परवानगी मी कधीच दिलीय."

"पाहणी करून?" न्हाव्याने विचारलं.

"पाहणी कशाला? ऑफिसातून दिसतं की. एवढं मोठं झाड!"

न्हावी हात जोडून म्हणाला, "साहेब, मी राहतो आत. जन्मभर राहतो. पण ते झाड नको."

"स्वतःचा विचार करू नका," साहेब म्हणाले.

संध्याकाळपर्यंत झाड आडवं झालं, भिंत पडली आणि साहेब अर्ध्या दाढीने बाहेर आले. बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तर दारच निघालं!"

दुसऱ्या दिवशी भगदाडातून थेट ऊन आत आलं आणि दुपारपर्यंत पान करपून गळालं. झाडाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल न्हाव्याला नोटीस आली. ती वाचायला तो सवयीने मागे सावलीत गेला आणि उन्हात उभा राहिला.

पानाचा फोटो मात्र अजून फिरतोय. खाली 'झाडे वाचवा' असं लिहिलेलं आहे. मागचं झाड पाडत होते तेव्हा त्याच्याकडे पाठ करून तो काढला कुणी, हे न्हाव्याला नक्की आठवत नाही. पण तो तुम्हीही पुढे पाठवलात, हात जोडून.