टाकीतल्या सरकारी विटा

एल्वीरा बुस्तामान्ते यांना नव्या कमोडसाठीचं अनुदान गेल्या मंगळवारी मंजूर झालं. सेको ग्रांदे जल-मंडळाच्या नोंदीप्रमाणे मात्र गेल्या मंगळवारी काहीही घडलेलं नाही. मंगळवार येऊन गेला, एवढंसुद्धा मंडळ कबूल करत नाही. तेव्हा आपणही तो प्रसंग घडलाच नाही असं धरू आणि पहिल्यापासून पाहू.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या या गावात चार वर्षं धड पाऊस नाही. जुना पाणीखाऊ कमोड काढून कमी पाण्यात भागणारा बसवा, खर्च मंडळ देईल, अशी योजना निघाली. दोन्या एल्वीरांनी (वडीलधाऱ्या बाईंना आमच्याकडे मानाने 'दोन्या' म्हणतात) पहिल्याच दिवशी अर्ज केला. वय एकाहत्तर, सप्टेंबरात खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं. 'त्यानंतर बुटक्या कमोडवर बसायचं नाही, बसलात तर खुबा निखळेल,' असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांचा कमोड १९७८ सालचा, जवळपास फरशीशी गप्पा मारणारा. योजनेतला उंच होता. तो खोक्यातून घरी आलाही, पण खोक्यावर मंडळाचं सील. आधी जुन्याची तपासणी, मग सील तोडणं.

जुलैत निरीक्षक गिल्बर्ट ओरोना आले. याच घरचे तमाले खाऊन ते लहानाचे मोठे झाले होते; पण गळ्यात ओळखपत्र असल्यामुळे त्यांनी ओळख दाखवली नाही. त्यांनी फ्लश दाबला, पाणी मोजलं आणि चेहरा पाडला.

"दोन्या एल्वीरा, दोनच गॅलन. योजनेला किमान साडेतीन लागतात."

"मग बरंच की! कमी पितो बिचारा."

"तीच तर अडचण आहे. पाणी वाया घालवणारा कमोडच बदलून मिळतो. तुमचा प्रामाणिक आहे."

गिल्बर्टनी टाकीचं झाकण उचललं. आत तीन विटा होत्या आणि प्रत्येकीवर मंडळाचा शिक्का. एक्क्याण्णवच्या दुष्काळात मंडळानेच घरटी एक वीट वाटली होती, टाकीत ठेवा म्हणजे तेवढं पाणी कमी भरेल म्हणून.

"घरटी एक होती. तुमच्याकडे तीन कशा?"

"माझा नवरा रांगेत तीनदा उभा राहिला होता. फुकट होत्या ना. काढ की मग त्या!"

गिल्बर्टनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मंडळाची मालमत्ता आहे ती. जलबचत उपकरण. काढायला वीट-विभागाची परवानगी लागते."

"मग आण."

"विभाग त्र्याण्णव साली बंद झाला. पाऊस पडला ना."

"अरे, पण माझ्या खुब्याला हे कुणी समजवायचं?"

गिल्बर्टनी इकडेतिकडे पाहिलं, ओळखपत्र काढून खिशात टाकलं आणि एकदम भाच्याच्या आवाजात म्हणाले, "तिया, मावशी, ऐक माझं. थोडं वाया घालव. महिनाभर मीटरवर उधळपट्टी दिसली, की विटा कोण बघतंय?"

दोन्या एल्वीरांनी उभ्या जन्मात भाजी धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाखेरीज कुठे ओतलं नव्हतं. पहिल्या रिकाम्या फ्लशला त्यांनी छातीवर क्रूस काढला. दिवसाला चाळीस फ्लश एकटीने होईनात, तेव्हा चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. जपमाळ ओढायची आणि दर दहा मण्यांना एक फ्लश. असं पुण्य आमच्या गल्लीने पूर्वी कधी जोडलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी मंडळाची दोन पत्रं एकदम आली. पहिल्यात लिहिलं होतं: उधळपट्टी निर्विवाद सिद्ध, अनुदान मंजूर, सील तोडावं. दुसऱ्यात: दुष्काळात पाण्याची उधळपट्टी हा गुन्हा, गुन्हेगारास अनुदान देता येत नाही, सबब पहिलं पत्र निघालेलंच नाही. सोबत एक माणूस खोकं घेऊन जायला आणि एक नळाला बूच मारायला. बूच पूर्ण नव्हतं, मंडळ निर्दय नाही. आता टाकी पाच तासांत भरते.

ऑपरेशन गुरुवारी झालं, ठरल्याप्रमाणे. ते एक खातं मंडळाकडे नाही.

सध्या दोन्या एल्वीरा वॉकर घेऊन रस्ता ओलांडतात, समोरच्या वाँडा पर्सेलकडे. वाँडांनी एक्क्याण्णवची वीट टाकीत न ठेवता दार मिटू नये म्हणून दाराला लावली होती, त्यामुळे त्यांचे चारही कमोड पात्र ठरले. जुने चार अंगणात आहेत, त्यांत फुलझाडं लावलीत, सकाळ-संध्याकाळ कारंजं चालू असतं.

"या हो एल्वीरा, संकोच नको," वाँडा दारातून हाक मारतात. "फक्त दोनदा फ्लश करा. या नव्याने एकदा काही जात नाही."

आमच्या गल्लीत आता एकाही टाकीत वीट उरलेली नाही. तुमच्या टाकीत असेल, तर आजच काढा. पाणी वाचवण्याचं महत्त्व सांगणारी मंडळाची पत्रकं मात्र आम्ही जपून ठेवली आहेत. कागद मऊ आहे.

दोन्या एल्वीरांनी कालच शेवटचा अर्ज दिला. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, वाँडांचीही. मजकूर असा: 'सबब नम्र विनंती की, प्रस्तुत प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराचे नैसर्गिक विधी गेल्या मंगळवारपासून तहकूब करण्यात यावेत, व तसे अर्जदाराच्या पोटास मंडळाच्या सही-शिक्क्यानिशी लेखी कळवण्यात यावे.'